नक्कल आणि अस्सल

चित्रकलेच्या तासाला 'देखावा काढा' असे सांगितले, की वर्गातील बहुतेक वह्यांत एकच चित्र उतरते. मागे दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून खाली येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात उर्दूतील सातच्या आकड्यासारखे पक्षी. चित्र सुबक असते, रंगही नीट भरलेले असतात. पण ते नाशिकचे नसते. आपल्या गावात नदीकाठी नारळाची झाडे किती आहेत? अंजनेरीचा डोंगर त्रिकोणी आहे का? रामशेजचा किल्ला आठवा. माथा सपाट, खाली काळे कातळकडे आणि त्याखाली उतार. सह्याद्रीचे हे डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून बनले. म्हणून त्यांतील बरेचसे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

मग ते त्रिकोणी डोंगर आपल्या वहीत आले कोठून? कुणीतरी कुणाच्या तरी वहीतून उतरवले, दुसऱ्याने त्याच्या वहीतून घेतले. मूळ चित्र कोणते, ते आता कुणालाच ठाऊक नाही. ही न पाहता केलेली नक्कल. तिच्यामुळे 'नक्कल' हा शब्दच बदनाम झाला आहे. परीक्षेतील नकलेने तर त्यात भरच घातली.

परंतु नकलेचा आणखी एक प्रकार आहे. जगातील मोठमोठे चित्रकार त्या वाटेने शिकले. एखाद्या उस्तादाचे चित्र समोर ठेवायचे, ते दिवसेंदिवस निरखायचे आणि त्याने ते कसे रंगवले असेल याचा शोध घेत आपल्या हाताने पुन्हा रंगवायचे. तैलरंगात निसर्गचित्र कसे रंगवावे, हे अशा नकलेतून कसे शिकता येते, ते या पाठात पाहू या.

'नक्कल' आणि 'अस्सल' हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. उर्दूतील 'नक्ल' आणि 'अस्ल' मराठीत आले आणि त्यांचे एकेक अक्षर जाड झाले, इतकेच. ही रीतही तुम्हांला नवी नाही. खत्ताती, म्हणजे सुंदर हस्ताक्षराची कला, अशीच शिकतात. उस्ताद एक ओळ लिहून देतो. शागिर्द तिच्याखाली तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहितो. अलिफ किती नुक्त्यांचा, बेची खोली किती, हे तो मोजून पाहतो. याला आपण 'मश्क' म्हणतो. तुर्कस्तानातील खत्तातांमध्ये तर उस्तादाची इजाजत मिळेपर्यंत शागिर्द आपल्या लिखाणाखाली नाव घालत नसे. मश्क करणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही, कारण तो उस्तादाचे अक्षर विकायला निघालेला नसतो. आपला हात घडवत असतो.

आता चित्रकलेतील एक खरी हकिगत ऐका. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्लंडमधील निसर्गचित्रकार. जन्म १७७६ चा. त्याचे वडील गिरण्यांचे मालक होते आणि स्टौर नावाच्या नदीकाठी त्याचे बालपण गेले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १७९५ मध्ये, त्याने सर जॉर्ज बोमंट या रसिकाच्या संग्रहातील एक निसर्गचित्र पाहिले. चित्र हाजरा आणि फरिश्ता या प्रसंगावरचे होते. पण त्यातील माणसे लहान आणि झाडे, नदी, आकाश मोठे होते. ते रंगवले होते क्लोद लोरँ याने. क्लोद मूळचा फ्रान्सकडील, पण त्याचे बहुतेक आयुष्य रोममध्ये गेले आणि १६८२ साली तो तेथेच वारला. पहाटे आणि संध्याकाळी तो शहराबाहेर जाऊन आकाशातील प्रकाश कसा बदलतो ते पाहत बसे.

कॉन्स्टेबल पुढे नावारूपाला आला. गवताची गाडी नदीतून जात असल्याचे त्याचे प्रसिद्ध चित्र १८२१ चे. त्यानंतर दोन वर्षांनी, १८२३ मध्ये, तो बोमंट यांच्या कोलऑर्टन येथील घरी काही आठवडे राहिला आणि तेथे बसून त्याने क्लोदच्या चित्रांच्या नकला केल्या. तेव्हा त्याचे वय ४७ वर्षांचे होते! त्यांपैकी एक चित्र शेळ्या राखणाऱ्या माणसाचे आहे. क्लोदचे मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि कॉन्स्टेबलने केलेली नक्कल ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या कलासंग्रहालयात आहे. नक्कल आहे हे सर्वांना ठाऊक असूनही ती जपून ठेवली आहे, कारण एका उस्तादाने दुसऱ्या उस्तादापुढे शागिर्द होऊन केलेली ती मश्क आहे.

तेच चित्र आपण उदाहरणादाखल घेऊ. गर्द झाडे, त्यांच्या सावलीत शेळ्या आणि त्यांना राखणारा माणूस, आणि झाडांपलीकडे उजळलेला दूरचा भाग. चित्राची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास आहे. उंची आणि रुंदी यांचे प्रमाण साधारण पाचास चार असे पडते. म्हणून दहा इंच उंच व आठ इंच रुंद असा कॅनव्हास बोर्ड घेतला, तर प्रमाण जवळजवळ जुळते. चित्राची चांगली छापील प्रत मिळाली तर उत्तम. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. तेथे किंवा शाळेच्या ग्रंथालयात चित्रांची पुस्तके मागून पाहा. नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावरही हे चित्र मोठे करून पाहता येते. मात्र मोबाइलचा पडदा आतून उजळलेला असतो, त्यामुळे रंग असतात त्याहून भडक दिसतात, हे ध्यानात ठेवा.

रंगवण्याआधी तैलरंग म्हणजे काय ते समजून घ्या. रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग तयार होतो. जवस म्हणजे उर्दूतील अलसी. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याचेच हे तेल. जलरंगातील पाणी उडून जाते आणि रंग सुकतो. तेल मात्र उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. म्हणून तैलरंग वाळायला काही दिवस लागतात आणि पावसाळ्यात त्याहून अधिक. हा उशीर शिकणाऱ्याच्या सोयीचाच आहे. चुकलेला भाग पुसता येतो, दोन रंग फलकावरच एकमेकांत मिसळता येतात.

पूर्वी चित्रकाराला रंग घोटूनच घ्यावे लागत. दाबल्यावर रंग बाहेर येणारी कथलाची ट्यूब १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने शोधून काढली. क्लोदच्या काळी उत्तम निळा रंग ज्या दगडापासून होई, तो अफगाणिस्तानातील बदख्शानमधून युरोपात जात असे. त्या दगडाचे नाव लाजवर्द. उर्दूतील 'लाजवर्दी' हा शब्द त्यावरूनच आला. आज 'अल्ट्रामरीन ब्लू' नावाच्या ट्यूबमध्ये तोच निळा रंग कारखान्यात बनवलेला मिळतो आणि तो पुष्कळ स्वस्त असतो. तैलरंग महाग असतात. पण सारे रंग घेण्याची गरज नाही. पांढरा, लिंबासारखा पिवळा, यलो ऑकर, एक लाल, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू असे सहा पुरतात. दोन-तीन सपाट कुंचले, थोडे टर्पेंटाइन, थोडे जवसाचे तेल आणि जुन्या सुती चिंध्या, एवढे साहित्य पुरे.

दोन सूचना आधीच सांगतो. टर्पेंटाइनचा वास डोक्यात जातो, म्हणून खिडकी उघडी ठेवूनच काम करा. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल प्राणवायू शोषताना तापते आणि बोळ्यात साठलेल्या उष्णतेने चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

आता कामाला लागू. छापील प्रतीवर पेन्सिलीने उभे चार आणि आडवे पाच असे समान भाग पाडा. वीस चौकोन होतील. बोर्डावर दोन-दोन इंचांचे तितकेच चौकोन आखा. आता एकेका चौकोनातील रेषा त्या त्या चौकोनात उतरवा. पाने, फांद्या, शेळ्यांची शिंगे यांच्या मागे लागू नका. झाडांच्या समूहाची बाहेरची कडा, जमिनीचा चढउतार आणि क्षितिजाची रेषा एवढेच घ्या.

त्यानंतर बर्न्ट अंबरमध्ये टर्पेंटाइन घालून तो पातळ करा आणि बोर्डावर पसरून चिंधीने पुसा. मातकट अस्तर तयार होईल. त्या काळचे चित्रकार बहुधा असेच करीत. पांढऱ्या फलकावर कोणताही रंग गडदच वाटतो आणि अंदाज चुकतो. मातकट अस्तरावर उजेड कोणता आणि अंधार कोणता ते लगेच कळते. मग त्याच एका रंगाने सावल्यांच्या जागा भरा. या वेळी मूळ चित्राकडे डोळे किलकिले करून पाहा. बारकावे नाहीसे होतील आणि फक्त तीन-चार मोठे गट उरतील: सर्वांत काळा, मध्यम, फिकट आणि सर्वांत उजळ. चित्र उभे राहते ते या गटांवर. हा टप्पा नीट झाला, तर निम्मे शिक्षण झाले असे समजा.

रंग भरताना सुरुवात आकाशापासून करा, कारण साऱ्या चित्रावरचा उजेड तेथून येतो. आकाश एकाच निळ्या रंगाचे नसते. डोक्यावर ते गडद निळे असते आणि क्षितिजाकडे येताना फिकट होत होत पिवळसर होते. आकाशानंतर सर्वांत दूरचा भाग, मग मधला आणि शेवटी आपल्या जवळचा, या क्रमाने पुढे या. दूरचे डोंगर निळसर आणि फिकट का दिसतात, हे विज्ञानाच्या तासाला शिकलात ना? आपण आणि डोंगर यांच्यामध्ये मैलोगणती हवा असते. ती हवा प्रकाश विखुरते आणि त्यात निळा प्रकाश अधिक विखुरला जातो. म्हणून जवळची झाडे गडद व उबदार, मधली हिरवी थोडी मवाळ आणि दूरची जवळजवळ आकाशाच्या रंगाची. सपाट बोर्डावर कोसभर अंतर दाखवण्याची क्लोदची युक्ती ती हीच. पुस्तकात वाचून ती समजते. हाताने उतरवली की मगच अंगी मुरते.

हिरव्या रंगाची ट्यूब मुद्दामच यादीत घेतलेली नाही. निळ्यात पिवळा मिसळा. फार तेजस्वी झाला तर चिमूटभर लाल किंवा बर्न्ट अंबर घाला. एकाच झाडात निदान चार हिरव्या छटा तयार करा. मूळ चित्रातील छटेशी ताडून पाहण्यासाठी रंगाचा ठिपका कागदाच्या तुकड्यावर घेऊन छापील प्रतीजवळ धरा. या एका खटाटोपात रंगांविषयी जितके शिकाल, तितके तयार ट्यूब पिळून वर्षभरातही शिकणार नाही.

थरांचाही एक नियम आहे. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, कमी तेलाचा असावा. वरच्या प्रत्येक थरात तेल थोडे वाढवत न्यावे. उलटे केले तर काय होते? वरचा रोडका थर लवकर वाळतो, खालचा तेलकट थर अजून हलत असतो आणि चित्राला भेगा पडतात. घर बांधताना ओल्या पायावर भिंत चढवत नाहीत, तसेच हे आहे. एक थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा. तोवर चित्र उलटे टांगा किंवा आरशात पाहा. सरावलेल्या डोळ्याला न दिसलेला दोष आरशात चटकन दिसतो. चकाकणारे वॉर्निश शेवटी लावतात, पण त्यासाठी निदान सहा महिने थांबावे लागते.

चित्र पुरे झाल्यावर उजव्या कोपऱ्यात काय लिहाल? नुसते आपले नाव लिहिणे योग्य नाही आणि क्लोदचे नाव लिहिणे तर मुळीच योग्य नाही. 'क्लोद लोरँच्या चित्रावरून' असे लिहा आणि मग आपले नाव व तारीख घाला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवानगी काढून चित्रकार नकला करीत बसतात. तेथे मूळ चित्राच्या मापाची नक्कल करू देत नाहीत आणि त्यावर मूळ चित्रकाराची सही करू देत नाहीत. अभ्यास आणि फसवणूक यांच्यामधील ही सीमारेषा आहे. खुद्द क्लोदलाही फसवणुकीचा त्रास झाला होता. लोक त्याच्या शैलीत चित्रे रंगवून त्याच्या नावावर विकू लागले, तेव्हा तो आपल्या चित्रांची रेखाटने एका वहीत करून ठेवू लागला. त्या वहीला 'सत्याचे पुस्तक' असे नाव पडले. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कायद्याचीही माहिती असू द्या. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या चित्रावर हक्क राहतो. हयात चित्रकाराच्या चित्राची नक्कल प्रदर्शनात मांडायची किंवा विकायची असेल, तर त्याची परवानगी घ्यायलाच हवी.

नकलेचे खरे मोल कशात असते, हे आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या लेण्यांवरून चांगले समजते. तेथील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील नकला करण्याचे काम रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे केले. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला करायला सुरुवात केली. त्यांतील पुष्कळ नकला लंडनला पाठवल्या आणि १८८५ साली तेथेही आग लागली! पुढे हैदराबाद संस्थानातील चित्रकार सय्यद अहमद आणि मोहम्मद जलालुद्दीन यांनीही अजिंठ्याच्या नकला केल्या. हैदराबादच्या संग्रहालयात त्या पाहता येतात. दोनदा आग लागली, कॅनव्हास जळाले. पण अंधाऱ्या लेण्यांत बसून ज्या विद्यार्थ्यांनी एकेक रेषा उतरवली होती, त्यांच्या हातातील विद्या थोडीच जळाली! त्यांच्यापैकी पेस्तनजी बोमनजी हे पुढे नामांकित चित्रकार झाले.

मात्र मश्क संपल्यावर स्वतःचे लिहायचे असते. कॉन्स्टेबलने १८२८ मध्ये डेडमच्या खोऱ्याचे मोठे चित्र रंगवले. त्याची मांडणी तरुणपणी पाहिलेल्या हाजरेच्या चित्रासारखी आहे: जवळ उंच झाडे, मधून वळत जाणारी नदी, दूरवर फिकट क्षितिज. पण नदी कोणती? बालपणाची स्टौर. आकाश कोणते? इंग्लंडचे ढगाळ, ओले आकाश. रीत उस्तादाची, गाव स्वतःचे.

आपल्याकडे कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे असेच मोठे निसर्गचित्रकार होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. त्या काळी तेथील शिक्षणात नमुन्यांवरून चित्रे काढण्याला मोठे स्थान होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचे झाले, तरी त्यांनी रंगवले ते कोल्हापूरचे कोटीतीर्थ आणि रंकाळा. तोच तलाव, तीच झाडे ते वेगवेगळ्या वेळच्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवीत. १९३१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांतील पाणी कोल्हापूरचेच आहे, हे पाहताक्षणी पटते.

तेव्हा मित्रांनो, नक्कल पुरी झाली की दुसरा बोर्ड घ्या आणि घराबाहेर पडा. संध्याकाळी गंगापूर धरणाच्या काठावर पश्चिमेकडे तोंड करून बसा. जवळ काळसर बाभळी, मध्ये उजळलेले पाणी आणि पलीकडे एकामागे एक फिकट होत जाणारे सह्याद्रीचे डोंगर. क्लोदने रोमजवळ जे पाहिले, तेच येथे नाशिकच्या उजेडात तुमच्यासमोर असेल. किंवा सकाळी गोदावरीच्या घाटावर जा. ओल्या पायऱ्या गडद दिसतील आणि पलीकडचा काठ धुक्यात मवाळ झालेला असेल. आधी डोळे किलकिले करा. गडद कोणते, उजळ कोणते ते ठरवा. आकाशापासून सुरुवात करा. डोंगराचा माथा सपाट असेल तर सपाटच काढा आणि नारळाचे झाड नसेल तर ते काढू नका. हे चित्र कदाचित नकलेइतके सफाईदार होणार नाही. तरीही त्याच्याखाली कुणाच्याही नावाशिवाय फक्त आपले नाव लिहिण्याचा हक्क तुम्हांला मिळालेला असेल.

स्वाध्याय

१. खालील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा.
(अ) 'देखावा' या नेहमीच्या चित्राला लेखकाने न पाहता केलेली नक्कल का म्हटले आहे?
(आ) जलरंग आणि तैलरंग यांच्या वाळण्यात कोणता फरक आहे?
(इ) क्लोद लोरँने रेखाटनांची वही का तयार केली?

२. कारणे लिहा.
(अ) दूरचे डोंगर निळसर व फिकट दिसतात.
(आ) तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये.
(इ) वरच्या थरात खालच्या थरापेक्षा तेल अधिक असावे.

३. 'कॅनव्हास जळाले, पण हातातील विद्या जळाली नाही' या विचाराचे स्पष्टीकरण पाच-सहा वाक्यांत करा.

४. 'नक्कल', 'अस्सल', 'रंग', 'कागद' हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी दहा शब्द शोधून लिहा.

५. उपक्रम : आपल्या घराच्या गच्चीवरून किंवा शाळेच्या मैदानातून दिसणाऱ्या डोंगराची बाह्यरेषा सकाळी, दुपारी व संध्याकाळी काढा. प्रत्येक वेळी तो किती फिकट किंवा गडद दिसला, त्याची नोंद मराठीत करा.